लाटणं घरोघरी, पीठ एकाच जागी

(सामुदायिक रेडिओवर आमच्या गटाच्या बायकांनी केलेलं हे बोलणं. बोलताना जसं आलं, तसंच इथे छापलं आहे.)

मागच्या वेळी आपण कर्जाच्या नोंदवहीबद्दल बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो सुचला आमच्याच आळीतल्या एका मुलामुळे.

हा मुलगा पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा गावी आला, तो दीड वर्ष इथेच होता. गोठ्याशेजारच्या खोलीत टेबल टाकायचा आणि कानाला हेडफोन लावून दिवसभर बोलत बसायचा. मधेच म्हैस हंबरली की पलीकडून कुणीतरी हसायचं. त्याच्या आईला वाटायचं, पोरगं डोळ्यांसमोर आहे, गरम जेवतंय, अजून काय हवं? पण पोरगं दिवसेंदिवस गप्प होत चाललं. एकदा आम्ही विचारलं, "का रे बाबा, पगार तर येतोय ना?" तर म्हणाला, "काकू, पगार येतो. पण आपण कंपनीत आहोत असं वाटत नाही. नवीन लागलेल्या पोरांची तोंडंसुद्धा मी पाहिलेली नाहीत. साहेब म्हणतात, आपलं कल्चर टिकलं पाहिजे. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडून कॉम्प्युटरवर गाण्याच्या भेंड्या खेळून घेतात."

आम्ही पोट धरून हसलो. भेंड्या खेळून कुठे कंपनी टिकते? पण मैत्रिणींनो, ते हसू फार दिवस टिकलं नाही. कारण त्याच महिन्यांत आमचा गट आतून फुटायला आला होता, आणि कारण तेच होतं. काम घरोघरी गेलं होतं.

आधी त्या कल्चर शब्दाचं बघू. मोठा वाटतो, पण आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे. रीत. प्रत्येक घराची एक रीत असते. कुणाकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग कामाचं बोलणं. कुणाकडे भाकरी मोजून टाकत नाहीत. नव्या सुनेला हे कुणी कागदावर लिहून देत नाही. ती बघते आणि शिकते. चुकली तर सासूच्या कपाळावरची आठी बघून शिकते. गटाची रीतही तशीच. वजनाला काटा किती झुकू द्यायचा, पैसे कुणासमोर मोजायचे, एखादी आजारी पडली तर तिच्या वाटणीचं काम कुणी उचलायचं, हे सगळं आपण एकमेकींना बघून शिकलेलं असतं. पंचसूत्री पाठ असते आपल्याला: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. पण ह्या पाचांच्या मधल्या जागेत जे भरलेलं असतं, ती रीत. ती डोळ्यांनी शिकायची गोष्ट आहे. काम घरी गेलं की पहिल्यांदा काय थांबतं? बघणं थांबतं.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. टाळेबंदीआधी समाजमंदिराच्या हॉलमध्ये बसून मसाला आणि उडदाचे पापड करायचो. मिरच्यांचे देठ खुडताना निम्म्या गावाच्या बातम्या व्हायच्या. नव्या सुनेला दोऱ्यानं लाट्या कापायला कुणी शिकवलं नाही, शेजारी बसून तिला आपोआप आलं. एखादीचा चेहरा उतरलेला दिसला की कुणीतरी विचारायचंच. भांडणं काय होत नव्हती? रोज व्हायची. पण चहा उकळेपर्यंत मिटायची, कारण उठून जायला दुसरी जागाच नव्हती.

मग हॉलला कुलूप लागलं. त्याच वेळी ग्रामपंचायतीकडून मास्कचं काम आलं, सहाशे मास्क. राज्यभर कितीतरी बचत गटांनी तेव्हा मास्क शिवले, तुम्हीही शिवले असतील. शिलाई एका मास्कला चार रुपये. आम्ही हुरळून गेलो. एकीच्या घरी कटिंग, तिचा मुलगा दारोदार गठ्ठे पोचवणार, सातजणींकडे मशीन, त्या शिवणार, बाकीच्या नाड्या लावणार आणि इस्त्री करणार.

सहाशेतले सुमारे एकशे चाळीस परत आले. काही लहान पोराच्या तोंडाचे, काहींना तीनऐवजी दोनच चुण्या, काहींची नाडी एका ओढीत निघणारी. आता दोष कुणाचा? कटिंगवाली म्हणे, मी नऊ बाय सात कापलं होतं. शिवणाऱ्या म्हणत, आम्हांला मिळालं तसं शिवलं. कुणी कुणाचं काम पाहिलेलंच नाही, तर बोलणार कशावर? मग कुजबुज सुरू झाली. कापड जास्त आलं होतं, उरलेलं कुठे गेलं? अमकीला शंभराचा गठ्ठा आणि मला साठाचा का? मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एकीनं लिहिलं, "काही जणी मुद्दाम चालढकल करतात, त्यांच्यामुळे सगळ्यांचे पैसे अडलेत." नाव लिहिलं नाही, पण रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं.

ज्या वहिनींवर रोख होता, त्यांनी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी त्यांचा गठ्ठा आला. हाताळून पाहिला तर टाके मशीनचे नव्हते. हातानं घातलेले होते, बारीक, एकसारखे. त्यांच्या पायमशीनचा पट्टा तुटला होता. दुकानं बंद. सांगितलं तर काम दुसरीला जाईल, आणि घरात तेवढाच पैसा येणार होता. म्हणून त्या रात्री दिव्याखाली बसून हातानं शिवत होत्या. आणि चार घरं सोडून आमच्यातल्याच एकीच्या मशीनच्या खणात जुना पट्टा नुसता पडून होता.

हॉलमध्ये असतो तर ही गोष्ट पाच मिनिटांत कळली असती. त्या दिवशी आम्हांला त्या मुलाच्या भेंड्यांचं हसू आल्याची लाज वाटली. त्याचे साहेब उपाय चुकीचा करत असतील, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

मग आम्ही शोधायला लागलो की घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी हे कुठे जमवलं आहे का. कॉम्प्युटरच्या कंपन्यांना ही अडचण २०२० मध्ये कळली. पापड लाटणाऱ्या बायकांना ती साठ वर्षं आधीच आली होती.

तुमच्या सगळ्यांच्या घरी माहीत असलेलं नाव आहे, लिज्जत पापड. संस्थेचं पूर्ण नाव श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. सुरुवात १५ मार्च १९५९ ला, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. सात गुजराती गृहिणी. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल करमसी पारेख ह्यांनी, त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली.

ह्या गोष्टीत ८० रुपयांचं कौतुक सगळेच सांगतात. आम्हांला त्याहून पुढचे दोन प्रसंग मोलाचे वाटले.

एक असा. त्या बायका आधी दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक त्याहून हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत करा, चांगली, आणि त्यात कधी तडजोड करू नका. आणि हिशेब नीट ठेवा, हा धंदा आहे, धंद्यासारखाच चालवा. नुकसान झालं तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हेही ठरलेलं होतं. आता बघा, दोन प्रती असत्या तर पुढे काम घरोघरी गेल्यावर काय झालं असतं? जिचा पापड बिघडला ती म्हणाली असती, हा हलक्यातला आहे, चालेल. एकच प्रत ठरली की सबबीला जागाच उरत नाही. आमच्या मास्कमध्ये नेमकं हेच नव्हतं. "चालेल" म्हणजे किती चालेल, ते बारा घरांत बारा प्रकारचं होतं.

दुसरा प्रसंग पावसाळ्याचा. पहिल्या वर्षी पाऊस लागला आणि चार महिने काम बंद. पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम चालू राहिलं. वाचताना आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "एवढंच? हे तर आपणही केलं असतं." हो, केलं असतं. पण चार महिने हात बांधून बसल्यावर सुचलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बायका वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तीनशेच्या वर गेल्या. गच्ची पुरेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की मळलेलं पीठ बायकांना द्यायचं, त्यांनी घरी नेऊन लाटायचं, वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. म्हणजे काम घरी गेलं. आमच्यासारखं रोगामुळे नाही, जागा पुरेना म्हणून. पण अडचण तीच होती. तीनशे स्वयंपाकघरं, तीनशे पोळपाट, तीनशे सासवा. पापड मात्र एकाच चवीचा, एकाच जाडीचा आणि एकाच नावाचा हवा.

त्यांनी काय केलं ते नीट ऐका. त्यांनी लाटणं घरी जाऊ दिलं, पण सगळंच घरी जाऊ दिलं नाही.

पीठ मळणं शाखेतच राहिलं. सकाळी काही बहिणी शाखेत येऊन पीठ मळतात आणि बाकीच्या ते घेऊन जातात. डाळ, हिंग, मिरी, पापडखार ह्यांचं प्रमाण कुणा एकीच्या हातावर ठेवलं नाही. म्हणून आपण हा पापड कोल्हापुरात घ्या नाहीतर नागपुरात, चव एकच लागते. चवीचं भांडण होतच नाही, कारण चव घरी जातच नाही. आमच्या गटात मसाल्यावरून "माझ्या माहेरी धने जास्त घालतात" हे दर आठवड्याला व्हायचं. त्या भांडणाचा उपाय म्हणजे समजूत काढणं नव्हे, मिश्रण एकाच जागी करणं.

परत देणंही शाखेतच. आजचं पीठ न्यायला आली की कालचे पापड द्यायचे. तिथे ते तपासले जातात, वजन होतं, आणि लाटण्याचे पैसे मिळतात. ह्यातलं सगळ्यांत हुशारीचं काय, तर ही रोजची फेरी. पीठ घ्यायला तर यावंच लागतं. वेगळी बैठक बोलवायची गरज नाही, वेगळ्या भेंड्या नकोत. त्या रांगेत उभं राहिल्यावर कुणाचा पापड जाड झाला, कुणाचं पोर आजारी, कोण दोन दिवस आली नाही, हे सगळं आपोआप कळतं. मुंबईसारख्या ठिकाणी लांबून येणाऱ्या बहिणींना ने-आण करायला संस्थेनं मिनी बस ठेवल्या. तो खर्च नुसता पिठासाठी वाटतो, पण आमच्या मते तो ह्या रांगेसाठी आहे.

घराचंही पाहिलं जातं. सभासद होताना बघतात की लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का. पुढेही न सांगता येऊन पाहणी करतात. तुम्ही म्हणाल, हे जरा जास्तच झालं, आपल्या स्वयंपाकघरात बाहेरचं कुणी का यावं? आम्हांलाही तसंच वाटलं. पण एक गोष्ट कळल्यावर राग गेला. जिच्या घरी जागा नाही, तिला दार बंद होत नाही. तिनं शाखेत येऊन पीठ मळावं, पापड तपासावेत, पाकिटं भरावीत. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या बाईला "तुझं घर बघून मग ठरवू" म्हणणं आणि "तुझं घर लहान असलं तर इथं ये" म्हणणं, ह्यात फार फरक आहे.

आणि ठरवणंही घरी गेलं नाही, वरही गेलं नाही. प्रत्येक सभासद मालक. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसंमतीनं. एकीनं जरी हरकत घेतली तरी थांबायचं. एकमेकींना बहीण म्हणायचं. आता खरं सांगायचं तर, बहीण म्हटल्यानं भांडण मिटतं असं आम्ही मानत नाही. सख्ख्या बहिणींची वाटणीवरून झालेली भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण रोज समोर वजन, रोज समोर पैसे आणि वर बहीण, असं असेल तर त्या शब्दाला वजन येतं.

सगळं त्यांनाही पहिल्या फटक्यात साधलं नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. पण थांबल्या नाहीत. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि आज देशभरात मिळून सभासद बहिणी चाळीस हजारांच्या वर आहेत. त्यांची स्वतःची लिज्जत पत्रिकाही निघते. एका शाखेतली बहीण दुसऱ्या शाखेतल्या बहिणीला कधी भेटणार नाही, पण वाचून ओळखेल.

आता ह्याला लागूनच एक कडू गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. माल घरी न्यायचा, घरी बसून करायचा, परत द्यायचा आणि नगावर पैसे घ्यायचे, हे तर विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. सोलापूर, सिन्नर ह्या भागांत तुमच्यापैकी कुणाचं माहेर असेल तर तुम्हांला ठाऊक आहे. तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन यायचं, मांडीवर सूप ठेवून दिवसभर वळायचं, आणि नेऊन द्यायचं. पापडाचं आणि विडीचं वरवर बघितलं तर एकच. मग फरक कुठे पडतो?

फरक त्या ओट्यावर पडतो जिथे माल परत दिला जातो. पापड तपासणारी बाई स्वतःही सभासद आहे. उद्या तिचेही पापड कुणीतरी तपासणार आहे. विडीत मोजणारा ठेकेदाराचा माणूस. त्यानं मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या तर बाई काय म्हणणार? पानं कमी दिली आणि विड्या पूर्ण मागितल्या तर कुणाकडे जाणार? तिच्या बाजूला उभं राहायला कुणी नसतं, कारण बाकीच्याही आपापल्या घरात एकट्या. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला, त्यात घरी बसून विडी वळणारीही कामगार धरली गेली. कागदावर हे मोठंच पाऊल होतं. पण तो कायदा मागून घ्यायला बायकांना एकत्र यावं लागलं, सोलापुरात त्यासाठी मोठे लढे झाले. तिकडे अहमदाबादला इला भट्ट ह्यांनी १९७२ मध्ये सेवा ही संघटना काढली, ती अशाच विखुरलेल्या बायकांची. कुणी घरी शिवणारी, कुणी विडी वळणारी, कुणी डोक्यावर ओझं वाहणारी. घरी काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं वेगळा करार मंजूर केला, त्यामागेही सेवाचे प्रयत्न होते. आपल्या देशानं त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

म्हणून आम्हांला वाटतं, "घरबसल्या काम" हे शब्द ऐकून एकदम हरखून जाऊ नये. घरबसल्या काम देणारे आता फोनवरही पुष्कळ भेटतात. विचारायचं एवढंच: माल मोजणार कोण, आणि मोजताना माझ्याबरोबर कोण उभं असेल?

असो. आमच्या गटाचं काय झालं ते सांगतो.

पहिला प्रयत्न आम्ही त्या मुलाच्या साहेबांसारखाच केला. रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर सगळ्यांनी एकत्र यायचं. तीन दिवसांत बंद पडला. सात वाजता कुणाच्या चुलीवर भाकरी, कुणाच्या घरी फोन एकच आणि तो मालकांच्या खिशात, कुणाकडे रेंज फक्त गच्चीवर. आणि फोनवर सासू शेजारी बसलेली असताना कोण मनातलं बोलणार?

मग देवळाच्या पाराची जागा ठरवली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, तोंडाला मास्क बांधून, लांब लांब बसून. कापडाचे गठ्ठे दारोदार पोचवणं बंद. जिला काम हवं तिनं पारावर यायचं, कालचं द्यायचं, नवं न्यायचं. एक मास्क नमुना म्हणून नीट शिवून फांदीला टांगून ठेवला. शंका आली की त्याला लावून बघायचं. तपासायला दोघी, आणि त्या दर आठवड्याला बदलणार. परत आलेल्या एकशे चाळीस मास्कचा खर्च कुणा एकीच्या माथी न मारता बारा जणींत वाटून घेतला. ह्यावरून दोघी रुसल्या. "आमचे सगळे चांगले होते, आम्ही का भरायचं?" त्यांचं म्हणणं चूक होतं असं आम्ही आजही म्हणणार नाही. एक परत आली, एक आली नाही. तिची जागा अजून रिकामी आहे.

घरी जाऊन बघायचं ठरलं तेव्हाही कुरबुर झाली. शेवटी असं ठरलं की दोघींनी मिळून जायचं, आणि पहिल्यांदा अध्यक्षांच्या घरी. अध्यक्षांच्याच घरी मशीनखाली कोंबडी बसलेली निघाली. त्यावर एवढं हसू झालं की पुढं कुणी हरकत घेतली नाही.

मोबाइलच्या ग्रुपचा नियम एकच केला. निरोप लिहायचा, तक्रार लिहायची नाही. तक्रार असेल तर पारावर, तोंडावर.

ज्या वहिनींचा पट्टा तुटला होता, त्यांची माफी आम्ही मागितली. त्या म्हणाल्या, "मागायची गरज नव्हती, पण मागितली ते बरं केलं." आता तपासणीची पाळी त्यांची आली की सगळ्या जणी जरा जपूनच शिवतात. आणि गठ्ठा घेताना प्रत्येकीला आम्ही आधी विचारतो, काही अडलंय का? मग विचारतो, मागचे किती झाले?

पुढे हॉल उघडला. मसाला परत तिथेच सुरू झाला. पण पापड आणि शेवया आम्ही घरीच ठेवल्या आहेत. लहान पोरं असलेल्यांना, घरात आजारी माणूस असलेल्यांना ते सोयीचं पडतं. पीठ मात्र हॉलमध्येच, सगळ्यांच्या देखत.

आता एक नवीनच पेच आहे. आमच्यातली सर्वांत तरुण सभासद नवऱ्याच्या नोकरीमुळे पिंपरीला राहायला गेली. ती म्हणते, मी बचत फोनवरून भरते, तिकडच्या सोसायटीत आपले पापड आणि मसाला विकते, मला गटातून काढू नका. काम तिचं चोख आहे, मागच्या दोन महिन्यांत तिनं तिकडे चांगला माल खपवला. पण पारावर ती येऊ शकत नाही, तपासणीची पाळी घेऊ शकत नाही. काहींचं म्हणणं, महिन्यातून एकदा आली तरी पुरे. काहींचं म्हणणं, एकीला सूट दिली की उद्या सगळ्या मागतील. थोरल्या काकूंनी विचारलं, "तिकडं तिच्या सोसायटीत अजून चार जणी मिळाल्या तर? त्यांचा वेगळा पार होईल की." ह्या गुरुवारच्या बैठकीत हाच विषय आहे. तुमच्या गटात असं कुणी लांब गेलेलं असेल तर तुम्ही काय केलंत, ते केंद्रावर फोन करून नक्की सांगा. गुरुवारच्या आत कळलं तर फारच बरं होईल.